विजयादशमीला थांबलेले झुले

माझं लग्न ठरलं तेव्हा साताऱ्याच्या माझ्या मावशीनं सगळ्या आळीत सांगून टाकलं, की मुलाकडच्यांचा चेन्नईला झुले भाड्यानं द्यायचा धंदा आहे. तिच्या डोळ्यांपुढे डोहाळजेवणं, फुलांच्या माळा, चंदेरी खांब. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू! लग्नानंतर सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं अंबत्तूरची शेड दाखवायला नेलं, आणि बघते तर काय, लोखंडी कठड्यांचे लांबच लांब पिंजरे, पोलादी दोरांची वेटोळी, काळ्याकुट्ट मोटरी आणि ओळीनं रचलेली वजनं. फूल म्हणाल तर एक नाही. मी मावशीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "बाई गं, फसवलं की काय आपल्याला?"

फसवलं नव्हतं, झुलेच होते ते. उंच इमारतीला बाहेरून रंग द्यायचा असला, काचा बसवायच्या असल्या, भेगा भरायच्या असल्या, की माणसं ज्यात उभी राहून वरखाली जातात तो हा झुला. गच्चीवरून दोन लोखंडी तुळया बाहेर काढायच्या, त्यांच्या मागच्या टोकाला वजनं ठेवायची, पुढच्या टोकावरून दोर खाली सोडायचे, आणि झुल्याच्या दोन्ही बाजूंच्या मोटरी त्या दोरांवर चढत जायच्या. प्रत्येक बाजूला दोर दोन. एकावर मोटर चढते. दुसरा नुसता सोबतीला लटकतो, आणि त्याच्यावर असतं लॉक. पहिला दोर तुटला किंवा झुला एका बाजूला कलला, की ते लॉक दुसऱ्या दोराला कचकन धरतं आणि झुला जागच्या जागी थांबतो. एवढं समजलं की आमचा सगळा धंदा समजला. बाकी सगळं त्या लॉकवर विश्वास ठेवता येतो की नाही, एवढंच.

माझा नवरा ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात, थंडगार ऑफिसात. उंचीचं नाव काढलं की त्याला घाम फुटतो. घरातला पंखा पुसायचा तर स्टुलावर मीच चढते आणि तो खालून "जपून, जपून" करत स्टूल धरतो, तेही डोळे मिटून. त्यामुळे शेड बघायची ती सासऱ्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं. मी पहिल्या दिवशी तिला "वन्सं" म्हटलं तर तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "ते काय अहे? अक्का म्हण." तंजावरकडची ही माणसं, शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेली. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावे घेत येणारी. "आहे"चं "अहे", "नको"चं "नक्को", आणि मध्येच "सरि, सरि", म्हणजे बरं, बरं. माझी मराठी ऐकून ते हसायचे आणि त्यांची ऐकून मी. पण हसताहसता मी शेडमध्ये फोन घ्यायला बसू लागले. कुठला झुला कुठल्या इमारतीवर, कधी जाणार, कधी परत येणार, हे माझ्याकडे आलं. घरी बसून करणार काय, डोंबल?

अक्का पूर्वी शाळेत गणित शिकवायची. साडी नेसून, पदर खोचून, त्यावर पट्ट्यांचा हार्नेस चढवून ती इमारतीवर जायची, आणि तिथले इंजिनियर आधी गालात हसायचे. मग ती गच्चीवर पोचली की हसू बंद. तिच्याबरोबर मी पहिल्यांदा साइटवर गेले तेव्हा मान वर करून झुल्याकडे बघत उभी राहिले होते. ती म्हणाली, "तो काय बघतेस? तो लोंबतो अहे. कोठनं लोंबतो ते बघ आधी." आणि मला गच्चीवर घेऊन गेली. तुळया, वजनं, बोल्ट, दोराची गाठ, माणसांच्या अंगाला बांधायचा वेगळा दोर कुठल्या खांबाला बांधलाय ते. एकेका गोष्टीला हात लावल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. नजरेनं तपासलेलं तिच्या लेखी तपासलेलंच नव्हतं.

अण्णा नगरच्या एका सोसायटीत तर कमालच झाली. आमची माणसं हार्नेस चढवून खाली तयार, रंगाचे डबे झुल्यात, आणि अक्का आपल्या सवयीप्रमाणे वर गच्चीवर. बघते तर तुळईच्या मागची दोन वजनं गायब! गच्चीभर पांढऱ्या धोतरावर वडाम वाळत घातलेले, म्हणजे आपल्या कुरडया-पापडासारखाच प्रकार, आणि वारा आला म्हणून सोसायटीतल्या दोन मामींनी आमची लोखंडी वजनं फरफटत नेऊन त्या धोतराच्या कोपऱ्यांवर ठेवलेली. अगदी निवांत! एक मामी छत्री घेऊन कावळे हाकत होती. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. अक्कानं तिथल्या तिथे काम थांबवलं, सोसायटीच्या सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वर बोलावलं, आणि त्या मामींना सगळ्यांच्या देखत सांगितलं, की तुमचे वडाम उडू नयेत म्हणून तुम्ही दोन माणसं खाली पाडणार होता. मामी रडायला लागल्या. बोलून झालं तसं अक्का खाली बसली, अर्धवट वाळलेला एक वडाम तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ बरं अहे." मामी रडतारडता हसल्या. तेव्हापासून आमच्या वजनांना साखळी आणि टाळं.

परत येताना मी म्हटलं, "अक्का, बाजूला घेऊन सांगायचं होतं की. म्हाताऱ्या बायका बिचाऱ्या."

"अप्पांची पद्धत अहे," ती म्हणाली. अप्पा म्हणजे माझे सासरे. "चूक झाली तर त्याच ठिकाणी, त्याच माणसाला, सगळ्यांच्या समोर सांगायची. मागनं कुणाविषयी काही बोलायचं नाही. मागनं बोललं की बाकीच्यांना चूक कळत नाही, नुसता माणूस कळतो."

असे अप्पा. शेडमधली माणसं त्यांना टरकूनही असत आणि त्यांच्यावर जीवही टाकत. मेस्त्री, म्हणजे आमचा मुख्य कामगार, वयानं अप्पांच्या जवळपास पोचलेला, पण तोसुद्धा त्यांच्यापुढे गुडघ्यावर दुमडलेली लुंगी अदबीनं खाली सोडून उभा राहायचा.

अशा माणसाला गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं हळूहळू परत आलं, काठी घेऊन चार पावलं टाकता येऊ लागली, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच. आम्ही सगळ्यांनी त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपायला सुरुवात केली. जेवण हातात, गोळ्या हातात, उशी पाठीला. ते रोज सकाळी विचारायचे, "आज कोणता झुला बाहेर गेला?" आणि माझा नवरा म्हणायचा, "अप्पा, तुम्ही आराम करा." शेजारचे म्हणायचे, "आता काय, विश्रांती घ्या." डॉक्टरही तेच. मी पण म्हणायचे. एक दिवस त्यांनी विचारणंच बंद केलं. खुर्ची खिडकीजवळ ओढून घ्यायचे आणि समोरच्या बांधकामाकडे बघत बसायचे. कुणाला आवडणार असं? त्या माणसाला जेवणखाण नको होतं, उशी नको होती. शेडमध्ये आपण अजून कुणीतरी आहोत की नाही, तेवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच आमच्यापैकी कुणाला देता येत नव्हतं.

आयुधपूजा आली तेव्हा ते म्हणाले, "शेडला नेशील?"

साताऱ्याला आम्ही खंडेनवमीला कोयता, विळी, शिवणाचं मशीन मांडून हळदकुंकू वाहायचो. पण इकडची आयुधपूजा म्हणजे विचारू नका! रिक्षापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना अंघोळ, सगळ्यांना चंदन, दारात केळीचे खुंट, रस्त्यात फोडलेले कोहळे आणि त्यावर कुंकू. शेडमध्ये सगळे झुले धुऊन पुसून मांडले होते. मोटरींना झेंडूचे हार. मी सुंडल केलं होतं, म्हणजे हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, चुरमुऱ्यांची पोती आणली होती. अप्पा रिक्षातून उतरले तसं मेस्त्रीनं डोक्यावरचा पंचा काढून खांद्यावर घेतला, आणि पोरांनी खुर्ची आणली. अप्पांनी खुर्ची नको म्हटलं. काठी माझ्या हातात दिली, मेस्त्रीच्या खांद्यावर उजवं अंग टेकवलं, आणि डाव्या हातानं एकेका झुल्याला गंध लावायला सुरुवात केली.

काय सांगू, त्या माणसाचा चेहरा उजळला होता! मोटरीला गंध, बटणांच्या पेटीला गंध, लॉकला गंध, वर कुंकू. मग समईतलं तिळाचं तेल डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन दोरावरून वरपासून खालपर्यंत फिरवायचे, अगदी लहान मुलाच्या अंगाला लावावं तसं. फार पूर्वी, मोटरी यायच्या आधी, त्यांच्याकडे हातानं फिरवायचे गडगडे होते, आणि त्या गडगड्यांच्या दोरांना आयुधपूजेला तेल पाजायची त्यांची पद्धत होती. हाताला ती सवय. सगळे बघत होते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी कुणाचं डोकं दोराकडे जाणार? अक्का तेव्हा बाहेर दारात कोहळा फोडायच्या तयारीत होती. ती आत आली तेव्हा कापूर पेटला होता आणि अप्पा हात जोडत होते, म्हणजे एक हात छातीशी धरत होते.

त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, काम सुरू करायला याहून चांगला दिवस नाही. त्या दिवशीचं आमच्याकडचं पहिलं बटण वर्षानुवर्षं अप्पांनी दाबलेलं. शेडच्या अंगणात एक उंच लोखंडी चौकट आहे, त्यावर झुला टांगून बघूनच बाहेर पाठवतात. राहुकाळ टळल्यावर पहिला झुला टांगला, दोन माणसं हार्नेस घालून आत उभी राहिली, आणि अप्पांनी खुर्चीतूनच डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. झुला गुडघ्याएवढा उचलला गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढ्यांचा पुडा उघडला.

अक्कानं मात्र हात वर केला. "लॉक बघायचं अहे."

तिनं झुल्याची एक बाजू थोडी खाली सोडायला लावली. बाजू कलली की लॉकनं दोर धरायचा, असा नियम. लॉकनं धरलं, पण लगेच नाही. झुला सरकला, मग थांबला. अक्कानं पुन्हा करायला लावलं. पुन्हा सरकला. ती पुढे गेली, दोर मुठीत धरला, मूठ उघडून बघितली आणि नाकाशी नेली. तिच्या तळहातावर तेल होतं, चंदन होतं, कुंकवाची लाली होती. लॉकच्या तोंडात चंदन सुकून बसलं होतं.

आता सगळ्यांना कळलं होतं. मेस्त्रीनं खोकल्यासारखं केलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "मोटर जरा जड चालतेय अक्का, त्यामुळे असेल." बिचारा! त्याला अप्पांना वाचवायचं होतं. मी पण पुढे झाले, "हवा दमट आहे, त्यामुळे दोर ओला..." असं काहीतरी बरळले. अक्कानं आमच्या दोघांकडे बघितलंही नाही. ती सरळ अप्पांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, दोराला तेल लागलं अहे. काल तुमच्या हातानं लागलं. लॉक धरत नाही."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! झटक्यातून उठलेला बाप, वर्षाचा सण, सगळी माणसं गोळा झालेली, आणि ही बया मास्तरणीसारखी उभी राहून सांगते! अप्पांनी मान खाली घातली. आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. मग हळूच विचारलं, "किती सरकला?"

अक्कानं हात आडवा धरून दाखवलं. "एवढा."

"मी सगळ्या झुल्यांना लावलं तेल."

"माहीत अहे. म्हणून सगळे थांबले."

"दोर उतरवा," अप्पा म्हणाले. "सगळे." आवाज इतका बारीक होता, की मेस्त्रीला वाकून ऐकावं लागलं.

विजयादशमीच्या दिवशी आमच्या शेडमधून एकही झुला बाहेर पडला नाही. चार ठिकाणचे फोन आले. मी ज्याला जे सुचेल ते सांगत सुटले, आणि अक्का मागून ओरडली, "खरं सांग. दोर बदलतो म्हणून सांग." पोरं एकेक दोर सोडवत होती आणि अप्पा खुर्चीत बसून बघत होते. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ताटातलं गोडधोड तसंच राहिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी स्वयंपाकघरात अक्काला गाठलंच. माझं तोंड सुटलं की सुटलं. "तुला हृदय आहे की दगड? मेस्त्रीनं वाट काढून दिली होती. मोटर बिघडली म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं? दोर गपचूप बदलता आले नसते? बापाला सगळ्यांच्या देखत असं बोललीस!"

ती ताक घुसळत होती, घुसळतच राहिली. "मेस्त्रीच्या हातनं तेल लागलं असतं तर मी त्याला बोलले असते की नाही?"

"मेस्त्रीची गोष्ट वेगळी."

"का वेगळी? सांग. मेस्त्री शेडचा माणूस अहे म्हणून? आणि अप्पा कोण अहेत? पाहुणे?" आता तिचा आवाज चढला. डोळे लाल झाले होते, ते मला तेव्हा कुठे दिसलं. "तुम्ही सगळे त्यांना गोड बोलून बोलून घालवून टाकता अहात. आराम करा, आराम करा. ज्याची चूकसुद्धा कुणी धरत नाही, तो माणूस कामाचा राहिला का? मी नाही त्यांना पाहुणे करणार. रागावू देत मला."

मला पटलं होतं असं नाही. एका बाजूनं वाटायचं, खरंय हिचं, आणि दुसऱ्या बाजूनं त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे बघून तिचाच राग यायचा. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण उद्या हा माणूस उठलाच नाही तर काय करायचं, ते सांगा ना!

ते उठले. सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर खाकी शर्ट मांडीवर घेऊन बसले होते, एका हातानं बटणं लावता येईनात म्हणून वैतागले होते. "अगं, ही लाव, आणि शेडला सोड," म्हणाले. जुना, मऊ झालेला सुती पंचा खांद्यावर टाकला होता.

शेडमध्ये नवे दोर आले होते, आणि काही झुल्यांचे शाबूत दोर स्वच्छ करून परत वापरायचे होते. पोलादी दोर बारीक तारांचा पिळलेला असतो. त्यातली एखादी तार तुटली की ती कुसळासारखी बाहेर येते, डोळ्याला पटकन दिसत नाही, पण सुती फडक्यात अडकते. अप्पा चौकटीखाली बसले, पंचा डाव्या मुठीत धरला, त्यात दोर घेतला आणि मेस्त्रीला म्हणाले, "ओढ. हळू." दोर त्यांच्या मुठीतून सरकू लागला. अक्का आपल्या कामात होती. तिनं त्यांना या म्हटलं नव्हतं आणि जा पण म्हटलं नाही. येताजाता एकदा त्यांच्या पायाखाली पाट सरकवला, एवढंच.

मग ते रोजच येऊ लागले. बाहेर जाणारा प्रत्येक दोर त्यांच्या मुठीतून जाई. डावा हात चांगला तयार झाला. जेवण वाढलं की स्वतःच कालवून खाऊ लागले, रात्री झोप लागू लागली. नवऱ्यानं मला विचारलंसुद्धा, "अप्पा हसले काल, ऐकलंस का?" माझा जीव जरा भांड्यात पडला. पण मनात एक खुटखुट राहिलीच. मेस्त्री आधी सगळे दोर बघून घ्यायचा. अक्काही बघायची. त्यानंतर अप्पा. त्यांनी आतापर्यंत एकही दोर अडवला नव्हता, आणि अडवण्यासारखं त्यांच्यापर्यंत काही पोचतच नसे. मग हे काम होतं की म्हाताऱ्या माणसाचा वेळ जावा म्हणून दिलेलं खेळणं? मला कळत नव्हतं, आणि अप्पांनाही कळत नसावं. कधीकधी दोर संपला की ते अक्काकडे बघत राहायचे, आणि ती फोनवर असायची.

परवापरवाचीच गोष्ट. अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलच्या दर्शनी भिंतीला काचा बसवायच्या होत्या. झुला सकाळीच पोचायला हवा होता. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि तिथला इंजिनियर घटकेघटकेला मला फोन करून डोक्यावर मिऱ्या वाटत होता. तीन दोर अप्पांच्या हातून गेले, ते टेम्पोत चढले. चौथा सरकत होता. अर्ध्यावर अप्पांची मूठ थांबली. "मागे घे," ते मेस्त्रीला म्हणाले. दोर मागे गेला, परत पुढे आला. त्याच जागी मूठ पुन्हा थांबली.

"काढा हा."

मेस्त्री वाकला, चष्मा कपाळावर चढवून बघितलं. त्याला काही दिसेना. त्यानं अक्काला हाक मारली. अक्का आली, दोर उजेडाकडे धरून बघितला, बोट फिरवलं, दोर किंचित वाकवूनही बघितला. तिलाही काही सापडलं नाही. माझ्याकडे फोन वाजतच होता.

"अप्पा, हा मी बघितला होता काल," ती म्हणाली. "स्वतः."

अप्पांनी मान वर केली. शेडमधली सगळी माणसं होती तिथे. टेम्पोचा ड्रायव्हरही आत डोकावत होता.

"मग नीट नाही बघितलास," ते म्हणाले. पूर्वीचा आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "डोळे कोठे होते? घाई होती म्हणून काय झालं? चूक ती चूक. काढ म्हटलं की काढायचा."

मी अक्काकडे बघत होते. ती थोरली झालेली बाई, अख्खी शेड तिच्या शब्दावर चालते, इंजिनियर तिला घाबरतात. तिला एक शब्द पुरला असता. जाऊ दे अप्पा, मी बघते, एवढं गोड बोलली असती तरी झालं असतं. दोर टेम्पोत चढला असता, अप्पा घरी येऊन पुन्हा भिंतीकडे वळले असते.

"चुकलं, अप्पा," अक्का म्हणाली. मान खाली घालून, सगळ्यांच्या देखत. मग मेस्त्रीला म्हणाली, "उतरव. चढवलेलेही उतरव, सगळे परत हातातनं जाऊ देत." आणि माझ्या हातातला फोन काढून घेतला.

पलीकडे इंजिनियर केवढ्यानं ओरडत होता, ते मला बाजूला उभ्या उभ्याही ऐकू येत होतं. ती त्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "आज झुला येणार नाही, सार. दोर पास झाला नाही." तो काहीतरी बोलला. "नाही, मी पास केला होता. पण माझ्या पास करण्यानं आमच्याकडे झुला जात नाही." पुन्हा तो काहीतरी बोलला, कोण आहे तो, त्याला फोन द्या, असं काहीसं असावं. अक्कानं एकदा अप्पांकडे बघितलं.

"त्यांना फोनवर यायला वेळ नाही," ती म्हणाली. "ते कामात अहेत."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि लाजायचं काही कारण नव्हतं, मेस्त्रीचंही तेच चाललं होतं. अप्पांचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पंचा झटकला, मुठीत नीट धरला आणि माझ्यावर खेकसले, "अगं, उभी काय राहिलीस रडत? पुढचा दोर आण."